प्रेक्षकाचे मत आणि त्याचे प्रमाण

दूरचित्रवाणीवरच्या मालिकांबद्दल बोलू लागलेला प्रेक्षक तीन निरनिराळी विधाने एका दमात करून जातो. 'मला ही आवडते', 'ही चांगली आहे' आणि 'सोमवारपासून सुरू होतेय ती चांगली असणार'. ऐकताना तिन्ही सारखीच वाटतात. पण पहिले विधान बोलणाऱ्याच्या मनाबद्दल आहे, दुसरे मालिकेबद्दल आणि तिसरे अजून कोणी पाहिलीच नाही अशा वस्तूबद्दल. पहिले कोणाला खोडता येत नाही. दुसऱ्यावर वाद होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण 'चांगली' म्हणणारा माणूस नुसती स्वतःची खबर देत नसतो. समोरच्यानेही मान्य करावे असे काही तो मांडत असतो. तिसऱ्याचा आधार शोधायला गेले तर तो भलत्याच ठिकाणी सापडतो. घरोघर, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात रोज चालणारे हे बोलणे वेळ घालवण्याचे साधन म्हणून बाजूला टाकण्यासारखे नाही. माणसाला एखादी गोष्ट कशावरून कळते आणि ती दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार त्याला कशाने मिळतो, हे तत्त्वज्ञानातले दोन जुने प्रश्न त्यात आहेत.

युरोपात अठराव्या शतकात या प्रश्नाची नीट मांडणी झाली. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या कसोटीवर निबंध लिहिला. त्यात त्याने 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. दोघांनी एकाच पिंपातली वारुणी चाखली. एकाला तिला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. ह्यूमच्या मते चांगल्या परीक्षकाला सूक्ष्म संवेदना, सराव, तुलनेची सवय, समज आणि पूर्वग्रहापासून मोकळे मन लागते. कांटने १७९०च्या ग्रंथात रुचकर आणि सुंदर यांतला भेद केला. रुचकर म्हणताना 'मला' हा शब्द सोडून चालत नाही. सुंदर म्हणताना मात्र माणूस सर्वांच्या वतीने बोलतो, आणि ते सिद्ध करायला त्याच्यापाशी नियम नसतो. रा. भा. पाटणकरांनी कांटच्या या विचाराची मराठीत कसून चिकित्सा केली आहे.

प्रेक्षक नावाच्या माणसाकडे मात्र भरताच्या नाट्यशास्त्राने जितक्या जवळून पाहिले तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग कसा करावा हे नसून प्रयोग साधला हे कशावरून ओळखावे, हा विषय आहे. या साधण्याला तिथे 'सिद्धी' म्हटले आहे आणि ती दोन प्रकारची मानली आहे. मानुषी सिद्धी दिसते आणि ऐकू येते. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्याने हसतात, 'साधु' म्हणतात, 'अहो' म्हणतात, करुण प्रसंगी 'कष्टम्' असा उद्गार काढतात. अंगावर काटा येतो, माणसे जागेवरून उठतात, नटाला अंगठी किंवा वस्त्र देऊन टाकतात. दैवी सिद्धी याहून वरची. नाट्यगृह भरलेले आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, विघ्न नाही.

घरातल्या पडद्यापुढेही ही दुसरी सिद्धी अधूनमधून अवतरते. आमटीला फोडणी द्यायला उठलेली बाई तेल तापत ठेवून, पळी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबते. आतून मोहरी करपल्याचा वास येतो तरी तिचे पाऊल मागे वळत नाही. त्या दोन मिनिटांत तिने कुठलेही मत दिलेले नसते. दुसऱ्या दिवशी ती जे सांगेल ते या थांबण्याचे शब्दांतले रूप असते आणि बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा उणे असते. मताच्या मुळाशी ही अवस्था असेल तर मत खरे, असा एक साधा पण कडक निकष भरताच्या या विभागणीतून हाती लागतो.

त्याच अध्यायात आवडींची प्रतवारीही आहे, आणि ती तुच्छतेने केलेली नाही. तरुणांना प्रेमकथा रुचते, विद्वानांना शास्त्रचर्चा, पैशामागे असलेल्यांना अर्थाचा विषय, विरक्तांना मोक्षाचा, शूरांना लढाई, वृद्धांना पुराणकथा. एकाच माणसात सगळ्या आवडी असणार नाहीत, हे ग्रंथकाराने गृहीतच धरले आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात मराठी वाहिन्यांवर जे ओळीने लागते त्यालाही ही यादी थोड्या फरकाने चालेल. नटांमध्ये स्पर्धा लागली की निवाडा करणाऱ्यांना तिथे 'प्राश्निक' असे नाव आहे. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक, छंदशास्त्री, वैयाकरण, धनुर्धर, चित्रकार, गायक आहेत, राजा आणि राजसेवक आहेत आणि गणिकाही आहे. प्रत्येकाने आपापल्या जाणकारीपुरते बोलायचे. यज्ञाचा देखावा नीट झाला का हे यज्ञ जाणणारा सांगेल, बाण सोडण्याची ढब बरोबर होती का हे धनुर्धर. आज रुग्णालयातला प्रसंग बघून 'सलाईन असे लावत नाहीत' म्हणणारी परिचारिका, कोर्टाचा प्रसंग बघून चुळबुळणारा वकील, पात्राच्या तोंडची मालवणी ऐकून कपाळाला आठ्या घालणारा कणकवलीचा माणूस हे सगळे प्राश्निकच आहेत. त्यांचे मत मर्यादित असते, पण त्या मर्यादेत त्याला धक्का लावता येत नाही. गोंधळ होतो तो परिचारिकेने सलाईनवरून अख्ख्या मालिकेचा निकाल लावला म्हणजे.

दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने रसानुभवाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. र. पं. कंगले यांच्या 'रसभावविचारा'मुळे हा भाग मराठी वाचकाच्या आवाक्यात आला. त्यांतली दोन मालिकांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहेत. पहिले विघ्न असंभाव्यतेचे. समोर चाललेले घडू शकते, हे मनाला पटले नाही तर मन तिथे टेकतच नाही. 'होणार सून मी ह्या घरची' या २०१३ ते २०१६ दरम्यान चाललेल्या मालिकेत जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की प्रेक्षक महिने मोजू लागले. ज्या बायकांनी हे महिने मोजले त्यांची मालिकेवर माया होती. माया नसती तर मोजदाद झालीच नसती. तरी ती मोजदाद सुरू झाली त्या दिवशी त्या रसिकाच्या जागेवरून उठून हिशेबनिसाच्या जागेवर बसल्या. क्षेमेंद्र ज्याला औचित्य म्हणतो त्याचा भंग प्रेक्षकाला असा जागेवरून उठवतो. 'तुला पाहते रे'मध्ये सभ्य, प्रेमळ म्हणून रुजलेला विक्रांत पुढे कपटी निघाला, तेव्हा झालेली नाराजी वेगळ्या जातीची होती. तिथे काळाचा प्रश्न नव्हता. ज्या स्वभावावर प्रेक्षकाने विश्वास टाकला होता तो खोटा ठरला होता. हे वळण पहिल्यापासून बेतलेले असेल तर त्यात कलादोष नाही. पण फसवले गेल्याची भावना आणि कलादोषाची जाणीव एकमेकींसारख्या दिसतात, आणि मत देताना त्या वेगळ्या करणे भल्याभल्यांना जमत नाही.

दुसरे विघ्न अधिक खोल आहे. पडद्यावरचे दुःख पूर्णपणे आपले वाटले किंवा पूर्णपणे परक्याचे वाटले, तर दोन्हीकडून रस अडतो, असे अभिनवगुप्त सांगतो. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या कल्पनेवर हे उभे आहे: सीतेचा शोक ना जनकाच्या लेकीपुरता राहिला पाहिजे, ना बघणाऱ्याच्या घरातला झाला पाहिजे. रोजच्या मालिकेची पकड मात्र बऱ्याचदा नेमकी या नियमाच्या उलट चालते. पडद्यावरची सासू बघणारीला आपल्या सासूची आठवण करून देते, आणि म्हणूनच ती बघते. 'ती गप्प बसली ते चुकलंच, मी नसते बसले' हे वाक्य मालिकेबद्दल आहे की बोलणारीच्या वीस वर्षांबद्दल, ते ठरवता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा रस नव्हे, आणि याला ओढूनताणून रस म्हणण्याची गरजही नाही. याला सोबत म्हणावे. सोबतीची कसोटी निराळी असते. चांगली सोबत कलेच्या दृष्टीने सामान्य असू शकते. 'मला माहीत आहे ती काही फार चांगली नाही, पण मला लागते' असे म्हणणारी प्रेक्षक स्त्री आवड आणि निवाडा यांच्यातला फरक कोणत्याही पुस्तकाशिवाय अचूक सांगत असते.

अभिनवगुप्ताचा एक शब्द या बोलण्याच्या फार जवळ येतो: चर्वणा. रसाचा आस्वाद एका घोटात संपत नाही, तो घोळवून घोळवून घेतला जातो, असा त्याचा भाव. अभिनवगुप्ताला ही चर्वणा प्रत्यक्ष अनुभवातच अभिप्रेत होती, नंतरच्या गप्पांत नव्हे. पण नाट्यगृहात पूर्वरंग, संगीत आणि नेपथ्य मिळून प्रेक्षकाचे मन एकाग्र करतात. घरी कुकरच्या शिट्ट्या असतात, मध्येच जाहिराती येतात, मुलांचा अभ्यास असतो. तिथे अर्धवट राहिलेली चर्वणा दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना शेजारणीबरोबर पुरी होते, असे म्हणायला जागा आहे. मराठीत या शब्दावरून 'चर्वितचर्वण' हा निंदेचा शब्द रूढ झाला हे खरे. पण चोथा चघळणे आणि चव घोळवणे यांतला फरक चघळणाऱ्याला कळतो.

आता न पाहिलेल्या मालिकेबद्दल. येऊ घातलेल्या मालिकेची अर्ध्या मिनिटाची झलक दिसते आणि मते तयार होतात. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इथे प्रत्यक्ष नाहीच. झलक प्रत्यक्ष दिसते, मालिका नव्हे. उरतात तीन. 'याच लेखकाची आधीची मालिका उत्तम होती, म्हणून हीही असणार' हे अनुमान आहे. धुरावरून अग्नी कळतो, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती कधी मोडत नाही. चांगला लेखक आणि चांगली मालिका यांची व्याप्ती मात्र पुष्कळदा मोडते. म्हणून हा हेतू सव्यभिचारी, म्हणजे साध्य नसते तिथेही भटकणारा. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. वात्स्यायनाने आप्ताची व्याख्या उदारपणे केली आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. या हिशेबाने मंडईतली भाजीवाली पाहिलेल्या मालिकेबद्दल पूर्ण आप्त आहे. वाहिनीची जाहिरात करणाऱ्याने मालिका पाहिलेली असते, पण जशी आहे तशी सांगण्याची इच्छा त्याला नसते. दोन अटींपैकी एकच पुरी होते, म्हणून तो आप्त नव्हे.

उपमानाचे उदाहरण तर जणू याचसाठी घडवले आहे. गवय नावाचा रानातला पशू गाईसारखा असतो, असे नगरातल्या माणसाला कोणी सांगितले. पुढे तो रानात गेला, गाईसारखा एक प्राणी त्याला दिसला, आणि तेव्हा त्याला कळले की गवय म्हणतात तो हाच. ज्ञान पुरे झाले ते रानात. 'नवी मालिका अमक्या मालिकेसारखी आहे' हे वाक्य ऐकून घरी बसलेला माणूस अजून नगरातच आहे. २०१३ साली नवे 'महाभारत' आले तेव्हा ज्यांच्या मनात नितीश भारद्वाज यांचा कृष्ण बसला होता त्यांनी पहिल्या भागाआधीच तोंड फिरवले. जुन्या कृष्णाशी असलेली निष्ठा सुंदर आहे, पण ती नव्या मालिकेचे ज्ञान नाही. येणाऱ्या मालिकेबद्दल आशा धरता येते, धास्ती वाटते, कुतूहल वाटते. मत धरता येत नाही. तिथे 'असणार'ऐवजी 'असावी' हे क्रियापद वापरले की वाक्य खरे होते.

देवादिकांच्या मालिकांत प्रश्नाला आणखी एक पदर येतो. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दाखवले जाऊ लागले. ज्या घरी टीव्ही असे तिथे शेजारपाजारची माणसे आंघोळी करून, चपला दाराबाहेर काढून बसत. टीव्हीला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. हे बघणे होते की दर्शन? शंकुक या नाट्यशास्त्राच्या भाष्यकाराने नटाबद्दल चित्रातल्या घोड्याचा दृष्टांत दिला आहे. चित्रातला घोडा पाहताना 'हा खरा घोडा' असे ज्ञान होत नाही, 'हा खोटा' असेही नाही, संशयही नसतो आणि 'घोड्यासारखा' असेही मन म्हणत नाही. या चारही प्रकारांहून वेगळ्या तऱ्हेने तो घोडा म्हणून कळतो. रामाचे काम करणाऱ्या अरुण गोविल यांच्याबाबत जे झाले ते या दृष्टांतात बरेचसे बसते, पण पूर्ण बसत नाही, कारण चित्रातल्या घोड्याला कोणी हरभरे घालत नाही. उरलेल्या भागाचा उलगडा मूर्तिपूजेकडून होतो. पार्थिव गणपतीत आवाहन होते, पूजा होते, विसर्जन होते. माती आधीही माती असते आणि नंतरही, आणि पूजा करणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. सिंधुदुर्गात दशावताराच्या रात्री विष्णू म्हणून उभ्या राहिलेल्या नटाला हात जोडणारा माणूस सकाळी त्याच्याशी शेतीच्या गोष्टी बोलतो. नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या कीर्तनकाराच्या पायावर डोके ठेवले जाते ते गादीला. मालिका सुरू होताना हार आणि संपताच त्याच पडद्यावर साबणाची जाहिरात, यात भाबडेपणा पाहणाऱ्यांना आवाहन-विसर्जनाची ही सवय ध्यानात आली नाही.

मग भक्ताने अशा मालिकेवर टीका करावी का? करण्यात पाप नाही, कारण टीका सांगण्याच्या पद्धतीवर होते आणि रामकथेला सांगण्याची एकच पद्धत कधी नव्हती. सागर यांच्या मालिकेने आपल्या आधारग्रंथांत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर इतर भाषांतली रामायणेही नमूद केली होती, त्यांत एकनाथांचे 'भावार्थ रामायण' होते. कथा सर्वांना पाठ असल्यामुळे या प्रेक्षकांच्या मतांत एक शुद्धताही होती. पुढे काय होणार हा प्रश्नच नव्हता. कसे दाखवणार एवढाच होता. उत्कंठा वजा केल्यावर जे उरते त्यावर दिलेले ते मत होते. रहस्यमालिकेचा शेवट आधी फोडला तर प्रेक्षक चिडतो, रावण मरणार हे सांगितल्याने कोणी चिडत नाही. खंडोबावरच्या 'जय मल्हार'च्या वेळी घराघरांत म्हाळसेची बाजू आणि बानूची बाजू असे तट पडत. ते वाहिनीने निर्माण केलेले नव्हते. वाघ्या-मुरळीच्या जागरणात दोन सवतींचे हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या गायले जात आले आहे आणि ऐकणारे तेव्हापासून बाजू घेत आले आहेत.

नाटक आणि मालिका यांच्यातला एक फरक नैतिक स्वरूपाचा आहे. प्रयोग पाहून मत दिले तरी तो प्रयोग झालेला असतो. मालिका अपुरी असताना मत दिले जाते, आणि ते मत तिच्यात शिरते. १९८४ साली सुरू झालेल्या 'हम लोग'मध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत आणि त्यांना प्रेक्षकांची पत्रे पोत्यांनी येत. 'रामायण' ५२ भागांचे ठरले होते, ते ७८ भागांपर्यंत गेले. ते रामाच्या राज्याभिषेकानंतर संपणार असे दिसले तेव्हा १९८८ साली जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. ते वाल्मीकी समाजाचे. वाल्मीकी ऋषी त्यांचे आराध्य, आणि ते कथेत पात्र म्हणून, सीतेचे आश्रयदाते आणि लव-कुशांचे गुरू म्हणून, ठळकपणे येतात ते उत्तरकांडात. मग पुढची कथाही निघाली. प्रेक्षकाने येणाऱ्या मालिकेबद्दल काढलेल्या उद्गारांत याहून गंभीर उद्गार सापडणे कठीण. हाती झाडू असलेली माणसे आपला ऋषी पडद्यावर दिसावा म्हणून काम थांबवून उभी राहिली. 'भावार्थ रामायण' एकनाथांच्या हातून युद्धकांडात अपुरे राहिले आणि त्यांचा शिष्य गावबा याने उत्तरकांडासह पुरे केले, अशी परंपरा आहे. इथे ते पुरे करून घेणारे श्रोते होते.

याउलट टीआरपी हे मत नव्हे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची यंत्रे निवडक घरांत बसवलेली असतात; कोणती वाहिनी किती वेळ चालू होती आणि घरातल्या कोणी आपले बटण दाबले होते, एवढे ती नोंदवतात. आवडले की नाही याचे बटण त्यांत नाही. रागाने बघणारा, सवयीने बघणारा आणि दारात पळी घेऊन थिजलेली बाई तिथे एकच आकडा होतात, आणि दर आठवड्याला त्या आकड्यावरून कथा वळवली जाते. म्हणून शब्दांत दिलेल्या, कारणासह दिलेल्या मताची गरज आकड्यांमुळे कमी झालेली नाही, वाढली आहे.

असे मत देताना वाद कोणत्या जातीचा होतो, तेही न्यायसूत्रांत आहे. खरे काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. दोन मालिकांचे चाहते एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा बहुधा जल्प चालू असतो. न पाहिलेल्या मालिकेची धुळधाण करणारा वितंडेत असतो, कारण त्याच्याकडे मांडायला स्वतःचे काही नसतेच. खलनायिकेचे काम करणारीला भर बाजारात शिव्या देणारा या तिन्हींतही बसत नाही. चित्रातला घोडा त्याला खरा वाटला आहे, आणि त्याची शिक्षा एका जिवंत बाईला मिळते.

पूर्ण मालिकेबद्दल पूर्ण मत देण्याची वेळ एकदाच येते, ती संपल्यावर. भरताने नाट्यकथेचे पाच संधी सांगितले आहेत आणि निर्वहण हा शेवटचा; पेरलेले सगळे तिथे एकत्र येते आणि आधीच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ तिथून उलटा उजळतो. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ इतकी वर्षे चालली. एवढ्या कथेचे निर्वहण पाहिले त्यांपैकी अनेकांनी आरंभ पाहिलेला नव्हता, आणि आरंभ पाहिलेल्यांतले काही शेवटापर्यंत उरले नव्हते. मालिकेचा शेवटचा भाग संपतो तेव्हा त्याच वेळेच्या नव्या मालिकेची झलक लगेच पडद्यावर येते, आणि घरातले बोलणे तिच्याकडे वळते.